धुळ्याहून पुण्याला विमानाने, व्हाया जळगाव

जळगाव विमानतळ ते पुणे विमानतळ हे अंतर सरळ रेषेत साधारण ३२० किलोमीटर आहे. या रूटला एटीआर उडतं, पंख्यांचं विमान, त्याचा वरचा स्पीड ताशी ५०० धरला तर भागाकार येतो ३८ मिनिटं. तिकिटावर मात्र तासाच्या वरची वेळ छापलेली असते, आणि धुळ्यात देवपूरच्या घराला कुलूप लावल्यापासून कोथरूडच्या घरात चपला काढेपर्यंत किती लागतात ते तर कुठंच छापलेलं नसतं. डिसेंबरात पुण्याला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, आईला सोबत न्यायचं होतं, म्हटलं घड्याळ लावूनच बघू या.

आईचे गुडघे गेलेत. ट्रॅव्हल्समध्ये खालचा स्लीपर मिळाला तरी रात्री हॉटेलवर गाडी थांबली की ती उंच पायरी उतरायची-चढायची म्हणजे तिला निघायच्या आधीपासून टेन्शन. घरच्या गाडीने न्यायचं तर मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव करत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पाय मुडपून बसायचं. अमळनेरचे मामा म्हणाले विमानानेच जाऊ ना, आता तिकीट काही एवढं नाही. आईचं पहिलं उत्तर, अहिराणीतच, "मी नही जाऊ बा, मना जीव घाबरस." मग एक दिवस भाजी निवडता निवडता स्वतःच विचारलं, "खिडकी भेटी का?" म्हणजे झालं.

शुक्रवार

सकाळी दहाला निघालो. गंमत बघा, पुणे धुळ्याच्या दक्षिणेला, जरासं पश्चिमेकडे झुकलेलं, आणि आम्ही चाललो पूर्वेला. धुळे-पुणे सरळ हवाई अंतर काढलं तर २७० किलोमीटरच्या आसपास येतं, पण धुळ्याहून पुण्याला प्रवासी विमान नाही, म्हणून आधी ९०-९५ किलोमीटर उलट्या बाजूला जळगावला जायचं आणि तिथून ३२० उडायचं. धुळ्याला धावपट्टी नाही असं नाही बरं का. गोंदूरला आहे, तिथं शिकाऊ पायलटांची छोटी विमानं घरघर करत फिरत असतात, आमच्या देवपूरच्या गच्चीवरून दिसतात. शिरपूरजवळ तांड्याला पण आहे, तिथंही पायलट घडवतात. म्हणजे विमान चालवायला शिकायचं तर धुळे जिल्हा, आणि विमानात बसायचं तर जळगाव.

फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला ५३ म्हणतात. जिथं चौपदरी झालाय तिथं गाडी अशी पळते की आई म्हणते हळू चालव, आणि मध्येच कुठं वळवून जुन्या रस्त्यावर टाकतात की मग ट्रकच्या मागे. लहान भाऊ गाडी चालवत होता, पारोळ्याला चहा झाला. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, तिथंच टेकडीवर विद्यापीठ. पुलाखाली पाणी होतं, डिसेंबरात असतं थोडंफार. मामा अमळनेरहून रेल्वेने जळगाव स्टेशनला उतरले होते, त्यांना घेतलं आणि तिथं कळलं की मामांनी येता येता पाच किलो भरताची वांगी घेतलीत. हिरवी पांढरट, लांबसडक, ताजी. पुण्यात जांभळी भेटतात, त्यात मजा नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही.

विमानतळ गावाबाहेर, अजिंठा रोडने एमआयडीसीवरून पुढे कुसुंब्याला. साडेबाराला पोचलो. म्हणजे घरापासून विमानतळाच्या दारापर्यंत अडीच तास, तेवढ्यात विमानाने जळगाव-पुणे-जळगाव होऊन वर चहा झाला असता.

टर्मिनल छोटं आहे, आणि मला ते छोटं असण्याचंच कौतुक वाटलं. दारापासून काउंटर, काउंटरपासून तपासणी, तपासणीपासून खुर्ची, सगळं आईच्या चालीने दहा मिनिटांत. मुंबईला याच कामाला किती चालावं लागतं ते ज्यांच्या घरात गुडघे दुखणारं माणूस आहे त्यांना विचारा.

काउंटरवर मात्र वांग्यांनी गोंधळ घातला. माणशी १५ किलो, आणि आमची मोठी बॅग काट्यावर ठेवली तर १८ च्या वर. काउंटरवरची मुलगी चांगली होती, जळगावचीच असणार, म्हणाली मावशी काय आहे यात एवढं? आईने चेन उघडून दाखवलं. साखरपुड्याच्या साड्या, ओटीचं सामान, डब्यात काळा मसाला, आणि सगळ्यात वर पेपरात गुंडाळलेली वांगी, देठ बाहेर आलेले. मुलगी म्हणाली वजन जास्त होतंय. आई म्हणाली, "वांगा सोडीसन मी नही जाऊ." मागे रांगेत एक गृहस्थ होते ते हसायला लागले, म्हणाले ताई माझ्या बॅगेत टाका, माझी अर्धी रिकामी आहे. तसं काही करावं लागलं नाही (आणि करूही नये, दुसऱ्याचं सामान आपल्या बॅगेत कधीच घेऊ नये), मामांची बॅग नऊ किलोची होती, तिच्यात सगळी वांगी गेली. मग निघाली सुक्या खोबऱ्याची वाटी. ती विमानात चालत नाही, सुक्या खोबऱ्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून मनाई. भाऊ अजून पार्किंगमध्येच होता, त्याला दारावर बोलावून वाटी परत केली. आईला हे काही पटलं नाही, देवाच्या वाटीला कसली भीती.

बसल्या बसल्या मामांनी विमानतळाचा इतिहास काढला. २०१२ साली प्रतिभाताई राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं, जळगावच्या लेकीने जळगावला विमानतळ दिला म्हणून केवढं कौतुक झालं होतं. मग बरीच वर्षं धावपट्टी होती आणि विमान नव्हतं. २०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबईहून आलं, १९ सीटांचं वगैरे, ते काही महिने चाललं. २०१९ ला ट्रूजेटचं आलं. २०२४ ला फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद आणि मग पुणे जोडलं, त्याच वर्षी अलायन्स एअरचं मुंबईही सुरू झालं. धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून इथं एटीआरसारखी विमानंच येतात, मोठ्या जेटला ती पुरत नाही. 'उडान'चा हिशोबच असा होता की छोट्या गावांना जोडायचं, तासाभराच्या म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला ठरलेल्या सीटा अडीच हजारांत द्यायच्या, आणि कंपनीचा तोटा सरकारने भरून द्यायचा. मामांचं मत असं की खान्देशात कुठलीही गोष्ट येते, बंद पडते, परत येते, आपण फक्त चालू असताना वापरून घ्यायची.

विमानापर्यंत चालतच जायचं. एटीआरला चढायचं मागच्या दाराने, सामान पुढे, माणसं मागे, आपल्या एसटीच्या बरोबर उलट्या अकलेचं. शिडी चार-पाच पायऱ्यांची, हाताला कठडा, आईने माझा खांदा धरला आणि चढली सुद्धा. मला तर हीच या अख्ख्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. आत दोन-दोन सीटा, पंख वरच्या बाजूला, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. आमची सीट मधोमध आली होती, तिथून चाक दिसतं, आणि त्याच्या पुढे तो सहा पात्यांचा पंखा. तो फिरायला लागला की आधी पाती दिसतात, मग पातीच दिसत नाहीत नुसती धूसर चकती राहते. आईने डोळे मिटले होते, ओठ हलत होते.

टेकऑफ पूर्वेला झाला, भुसावळच्या बाजूला. म्हणजे घरापासून आतापर्यंत आम्ही सलग पूर्वेलाच चाललेलो! चाक जमिनीवरून उचललं, थोडं लोंबकळलं आणि पोटात गेलं, झाकण बंद. मग विमान वळलं आणि वळताना खिडकी सरळ खाली झाली, आईने नेमके तेव्हाच डोळे उघडले. लांब उत्तरेला तापीच्या बाजूला केळीचा हिरवा पट्टा, मध्ये काळी रानं, कपाशी वेचून झालेली, आणि त्यातून रेल्वेचा रूळ. आई बघतच राहिली. जपमाळ पर्समध्ये गेली.

नकाशावर जळगाव ते पुणे फूटपट्टी ठेवून बघा, रेघ पाचोऱ्याच्या शेजारून जाते, कन्नडवरून जाते, मग जवळजवळ श्रीरामपूरच्या डोक्यावरून, आणि शिक्रापूरच्या बाजूने लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळाला. विमान अगदी त्या रेघेवरून जातं असं नाही, त्याचे ठरलेले मार्ग असतात, पण बऱ्यापैकी तसंच. दहा-बारा मिनिटांत अजिंठा-सातमाळ्याची डोंगररांग आली. खालून चाळीसगावहून कन्नडला चढताना औट्रम घाटात ट्रकच्या मागे जीव जातो, वरून बघितलं तर खान्देश जिथं संपतो तिथं एक कडा, कडेला सुरकुत्या, आणि त्याच्या पलीकडे सगळं एकदम वरच्या मजल्यावर सपाट. खान्देश खाली आहे हे मला शाळेत शिकवलं होतं, दिसलं त्या दिवशी. तिथून पुढे गोदावरी, मग उसाचे चौकोन, मग अहिल्यानगर जिल्ह्याचं पिवळट माळरान. एवढ्यात पाण्याची बाटली आली, ती पिऊन होईस्तोवर कानात दडे बसायला लागले, उतरणी सुरू.

"आतेच तं बठनूत," (आत्ताच तर बसलो) आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "इतलामा तं पारोळा बी येत नही." आणि चाक टेकल्यावर, त्याचा धूर खिडकीतून स्पष्ट दिसला, तेव्हा, "उनं बी का पुनं?" (आलं पण का पुणं?)

चाक सुटल्यापासून टेकेपर्यंत माझ्या घड्याळात पन्नास मिनिटांच्या आत-बाहेर. ३८ चे पन्नास कसे झाले ते शनिवारी कळलं, सांगतो.

लोहगाव ते कोथरूड. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. शुक्रवार संध्याकाळ. कॅबवाला येरवड्याला थांबला, मग संगमवाडीला थांबला, मग कुठं थांबला ते बघायचं सोडून दिलं. मामा मागे झोपले. ३२० किलोमीटरला लागला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ या पंधराला लागला. बहिणीच्या दारात चपला काढल्या तेव्हा साडेसहा झाले होते, म्हणजे घर ते घर साडेआठ तास. त्याच वेळी धुळ्याहून गाडीने निघालो असतो तर जेवण धरून पाच-साडेपाचला पोचलो असतो.

रात्री वांगी गॅसवर भाजली. शेगडीवर जळून काळी झाली आणि सोसायटीत वास सुटला तेव्हा खालच्या मजल्यावरचे, मूळचे फैजपूरचे, वर येऊन विचारून गेले कोण आलंय.

शनिवार

साखरपुडा छान झाला, त्याबद्दल इथं लिहीत नाही. लिहायचं ते पंगतीनंतरच्या बैठकीबद्दल, कारण अर्धा खान्देश तिथं होता आणि आम्ही विमानाने आलो म्हटल्यावर सगळ्यांनी आपापला हिशोब काढला.

नवऱ्या मुलाचा एक मित्र विमानतळावर ग्राउंड स्टाफला आहे. त्याने सांगितलं की तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. चाकाखालची ठोकळी काढली की घड्याळ सुरू, दुसऱ्या गावाला ठोकळी लावली की बंद, याला ते लोक ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात जमिनीवर रांगत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं. चढताना आणि उतरताना विमान ५०० ने जातच नाही, आणि ३२० किलोमीटरचा रूट एवढा छोटा की त्यातला बराच भाग चढण्या-उतरण्यातच जातो, वरचा स्पीड मिळतो न मिळतो तोच खाली यायचं. वर वारा समोरून असेल तर अजून थोडे. आणि पुणे म्हणजे हवाई दलाचा विमानतळ, एकच धावपट्टी, लढाऊ विमानं, सगळी मोठी विमानं, त्यात आपलं पंख्यांचं. म्हणून कंपन्या वेळ सैल लावतात. गोवा मोपा मात्र जळगावहून ६०० च्या थोडं वर आहे, तिथं ही चढ-उताराची मिनिटं तेवढीच लागतात पण जास्त किलोमीटरवर वाटली जातात, त्यामुळे अंतर जवळजवळ दुप्पट असून वेळ दुप्पट होत नाही. मला हे एकदम पटलं. त्याच्या मोबाईलवर सगळे आकडे नॉटिकल मैलात होते, जळगाव-पुणे १७३ की काय, मामा म्हणाले बघ दीडशे किलोमीटर कमी झाले. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर हे पोराने समजावून सांगितलं, मामांना आधीचंच जास्त आवडलं.

मग नंदुरबारचे एक काका बोलले, ते म्हणाले तुमचं जळगाव विमानतळ आमच्या काय कामाचं? नंदुरबारहून जळगावला पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला यायचं, त्यापेक्षा सुरत जवळ, ट्रेनपण सरळ. शिरपूरची वहिनी म्हणाली आम्हाला इंदूर बरं, आग्रा रोड धरला की सरळ. चाळीसगाववाले म्हणाले घाट चढलो की छत्रपती संभाजीनगर, चिकलठाण्याहून दिल्ली पण भेटते. धुळ्याला नाशिकचं ओझर आहे, शिर्डी आहे. भुसावळ, यावल, रावेर, जामनेरवाले तेवढे गप्प बसून हसत होते, कारण त्यांनाच खरं जळगाव परवडतं, घरून तासाभरात दारात. भुसावळच्या माणसाने जळगाव-पुणे विमान धरलं तर चार-साडेचार तासात काम होतं, रस्त्याने त्याला आठ-नऊ तास. म्हणजे फायदा आहेच, पण तो तालुक्यानुसार आहे. कागदावर खान्देशला विमानतळ एक, प्रत्यक्षात प्रत्येक तालुक्याचा विमानतळ वेगळा आणि त्यातले अर्धे खान्देशाबाहेर.

आईला विचारलं कोणीतरी, कसं वाटलं? तिने विमानाचं काही सांगितलं नाही. म्हणाली गाडीत बसले, उतरले, चालले, परत बसले, मध्ये मध्ये उठायला भेटलं, गुडघा धरला नाही. साडेआठ तासांचा हाही एक हिशोब आहे, तो माझ्या घड्याळात नव्हता.

रविवार

सोमवारी ऑफिस, आणि रविवारी आमच्या सोयीचं विमान नव्हतं, म्हणून परतीला रेल्वे. दिवसा चतु:शृंगी, नंतर झोप. येताना तरी विमानतळाहून रामवाडीपर्यंत रिक्षा आणि तिथून मेट्रोने सरळ वनाझला यायला हवं होतं, असं भाचा म्हणाला, तोही आत्ता.

रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस. ही गाडी पण पुण्याहून आधी पूर्वेला दौंडला जाते, मग वर अहिल्यानगर, मनमाड, तिथून चाळीसगाव. दौंड ७५, तिथून मनमाड २३५-४०, मनमाड ते चाळीसगाव ६७, आणि शेवटी चाळीसगाव-धुळे ५६ किलोमीटर. बेरीज साडेचारशेच्या जरा आत. विमानाची रेघ, रस्ता आणि रूळ, तिघांचे तीन आकडे, आणि गाव तेच. आईला खालचा बर्थ होता, ती दौंडच्या आधी झोपली ती मनमाडला "चाय गरम"ने उठली.

सोमवार

चाळीसगावला उजाडता उजाडता उतरलो, थंडी सपाटून. मामा त्याच गाडीने पुढे जळगावला, तिथून अमळनेर. आम्ही धुळ्याची गाडी धरली. ही लाईन १९०० सालची आहे, इंग्रजांनी धुळ्याला इथवर रूळ आणून सोडले आणि तिथून पुढे आपण अजून मनमाड-इंदूरची वाट बघतोय. शिरूड, बोरविहीर, दोन्ही बाजूंना धुकं आणि ज्वारी. गाडीत दूधवाले, कॉलेजची पोरं, एकाच्या मांडीवर कोंबडं.

ऑफिसला वेळेवर पोचलो. डबा खाताना पुढच्या टेबलावरच्याने विचारलं, त्याला पुढच्या आठवड्यात एकट्याला पुण्याला जायचंय, विमानाचं बघू का. मी सगळं सांगितलं, ३२० किलोमीटर, पन्नास मिनिटं, जळगावपर्यंतचे अडीच तास, काउंटरचा वेळ, पुण्यातलं ट्रॅफिक, म्हातारं माणूस सोबत असेल तर डोळे झाकून विमान, जळगाव-भुसावळचा असशील तर नक्कीच विमान, बाकी तू बघ. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, भाजी पुसून खाल्ली, आणि हात धुवून आल्यावर मोबाईलवर ट्रॅव्हल्स बुक केली. स्लीपर, खालचा, रात्री साडेनऊची.